कोलशेतची खाडी आणि हजरत उमरांचा राखणदार

कोलशेतच्या बंदरावर उभे राहिले की समोर काल्हेरची गोदामे दिसतात. खाडी तिथे बरीच रुंद आहे. उजवीकडे पाणी कळव्या-मुंब्र्याकडे वळते, डावीकडे गायमुख, नागला बंदर आणि घोडबंदर करत वसईला समुद्राला मिळते. ओहोटीला चिखल उघडा पडतो. चिखलामागे तिवरांचा पट्टा, त्याच्या मागे तीस-चाळीस मजली इमारती. मी मुंब्र्याचा. म्हणजे याच पाण्याच्या वरच्या अंगाला आणि याच महापालिकेच्या हद्दीत राहतो. तरीही कोलशेतला आलो की परक्या शहरात आल्यासारखे वाटते.

ठाण्याच्या विकास आराखड्यावर बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'पर्यावरण आणि विकास यांचा समतोल साधला पाहिजे.' अधिकारी हे म्हणतात, बिल्डर म्हणतात, हरकती घेणारे कार्यकर्तेही म्हणतात. वाक्याला कुणाचीच हरकत नसते, त्यामुळे ते फारसे तपासलेही जात नाही. समतोल म्हणजे तराजू आला. तराजू आला की तो धरणाराही आला. कोलशेतच्या जमिनीचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तराजू कुणाच्या हातात होता आणि पारड्यात काय ठेवलेच गेले नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

सुरुवात खारजमिनीपासून करावी लागेल. ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठची बरीचशी भातशेती निसर्गाने दिलेली नाही. खाजणात माती-दगडाचे बांध घालून, उधाणाचे पाणी अडवून, तीन-चार पावसाळे खार धुऊन काढून ती तयार केलेली आहे. उत्तर कोकणात अशा जमिनीला शिलोत्री म्हणत. पनवेलकडच्या 'शिलोत्तर' नावाच्या गावांत तो शब्द अजून जिवंत आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये या पद्धतीचे वर्णन आहे. व्यवहार सरळ होता. पडीक खाजण जो बांध घालून लागवडीला आणेल त्याला सरकार सवलत देई. पहिली काही वर्षे सारा माफ, नंतर हळूहळू वाढता. बांध फुटला तर एकट्याचे नव्हे, सगळ्या खाराचे पीक जाई. त्यामुळे बांधाची राखण सामायिक असे. पोर्तुगीज गेले, १७३७ मध्ये मराठे आले, १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले. राज्ये बदलली तरी खाराचा हा हिशेब मोडला नाही, कारण तो मोडला असता तर साराच मिळाला नसता.

इस्लामी कायद्याचा थोडाफार अभ्यास असलेल्या वाचकाला इथे 'इह्या-अल-मवात' आठवेल. मृत जमीन जिवंत करणे, असा त्याचा शब्दशः अर्थ. ओसाड, बेवारस जमीन जो कसेल ती त्याची. पण नुसते दगड रचून हद्द आखली आणि जमीन तशीच ठेवली, तर तीन वर्षांनी हक्क जातो, हा दंडक हजरत उमर (र.) यांच्या नावावर आहे. हद्द आखणे आणि जमीन कसणे यांत फरक करणारा हा नियम आहे. आजच्या 'लँड बँक'वाल्यांना तो मुळीच आवडणार नाही.

आता इथे भावुक व्हायचा मोह होतो, तो टाळतो. शिलोत्रीचा बांध घालणाऱ्यानेही तिवरे तोडलीच होती. जळणासाठी, होडीच्या लाकडासाठी, गुरांच्या पाल्यासाठी तिवर जाई. जुने कोलशेत म्हणजे काही अस्पर्श निसर्ग नव्हे. फरक एवढाच की तोडणारा आणि तोडण्याचे परिणाम भोगणारा एकाच गावात राहत होता. तिवर संपली तर बांधावर लाट आदळे आणि मासळी कमी होई. त्याचा हिशेब त्याच घरात होई.

हा हिशेब स्वातंत्र्यानंतर तुटला. मुंबईला लागून, पाण्याजवळ, स्वस्त आणि मोकळी जमीन कुठे आहे, असा शोध रासायनिक उद्योगांनी घेतला तेव्हा ठाण्याचा खाडीकाठ समोर आला. सँडोझ आणि बायर यांसारख्या युरोपीय कंपन्यांचे कारखाने कोलशेत रस्त्यावर उभे राहिले. रंग, औषधे, कीटकनाशके. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. १९६६ मध्ये राज्याला प्रादेशिक व नगररचना कायदा मिळाला. त्या कायद्याच्या भाषेत जमीन म्हणजे रंगवायचा नकाशा होता : जांभळा उद्योगाला, पिवळा घरांना, हिरवा उरलेल्याला. खाडीला वेगळे अस्तित्व नव्हते. कारखान्याच्या दृष्टीने ती गटार होती. पाणी प्रदूषणाचा केंद्रीय कायदा यायला १९७४ उजाडावे लागले.

या कारखान्यांनी रोजगार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. कायम कामगार, युनियन, बोनस, कँटीन, भविष्यनिर्वाह निधी. ठाण्यातल्या एका पिढीची घरे त्यावर उभी राहिली. शेतकऱ्याने जमीन दिली, त्याच्या मुलाला गेटच्या आत नोकरी मिळाली, निदान मिळेल अशी आशा तरी राहिली. खाडीतली मासळी कमी झाली त्याची भरपाई कुणी केली नाही. पण पारड्यात काहीतरी ठेवले जात होते, आणि ते पगाराच्या रूपाने गावात येत होते.

१९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा इथे महत्त्वाचा. शहरात एका हाती जास्त मोकळी जमीन राहू नये आणि जादा जमीन गरिबांच्या घरांना मिळावी, हा त्याचा हेतू. कारखान्यांना मात्र कलम २० खाली सूट मिळे, कारण जमीन उद्योगासाठी लागते. म्हणजे सवलत उद्योगाला होती, मालकाला नव्हे. हा बारकावा पुढे सगळेच विसरले.

मग १९९१ आले. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. १९ फेब्रुवारीला केंद्राने किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना काढली. त्याच सुमारास मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. आणि जुलैमध्ये मनमोहन सिंगांच्या अर्थसंकल्पाने उदारीकरणाचे दार उघडले. किनाऱ्याला कुंपण आणि भांडवलाला मोकळे रान, दोन्ही एका वर्षात. 'समतोला'ची आपली आजची भाषा त्याच वर्षाची अपत्य आहे, असे मला वाटते.

कुंपणाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. खाडीकाठी भरतीरेषेपासून किती अंतर सोडायचे? १९९१ मध्ये ठरले की ते १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीपेक्षा, यांपैकी जे कमी असेल त्याच्या खाली जाऊ नये. १९९४ मध्ये दुरुस्ती करून १०० चे ५० केले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, या कपातीला सबळ कारण दिलेले नाही म्हणून, ती रद्द केली. २०११ च्या नव्या अधिसूचनेत १०० कायम राहिले. आणि जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत पुन्हा ५० आले. न्यायालयाने जे दारातून हाकलले ते तेवीस वर्षांनी खिडकीतून परतले. या काळात खाडीचे पाणी काही ५० मीटर मागे हटले नव्हते. उलट २६ जुलै २००५ चा पाऊस आपण सगळ्यांनी पाहिला होता.

तिवरांची कथा थोडी बरी आहे, आणि तिचे श्रेय न्यायालयाला जाते. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला आणि तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकामाला बंदी घातली. सरकारी जमिनीवरची खारफुटी वन म्हणून जाहीर करायला सांगितले. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालय म्हणाले की खारफुटीचा नाश हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. कोलशेतला आज जो हिरवा पट्टा दिसतो तो या आदेशांच्या जिवावर. मात्र २०१९ च्या अधिसूचनेने खासगी जमिनीवरच्या खारफुटीला लागून मोकळा पट्टा सोडण्याची अट काढून टाकली.

(एक आठवण करून द्यायला हवी. खाडीतून ड्रेजर आणि सक्शन पंप लावून रेती उपसण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जी याचिका झाली, ती सुमैरा अब्दुलअली यांच्या आवाज फाउंडेशनची. २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमला रेतीमाफियांनी त्यांना मारहाण केली होती. २०१० मध्ये न्यायालयाने राज्यभर रेती उपशाला बंदी घातली, आणि मग सरकारला धोरण आणावे लागले. 'मुसलमानांना पर्यावरणाचे काय' असे विचारणाऱ्यांसाठी एवढे पुरे. पण त्या बंदीत डुबी मारून घमेल्याने रेती काढणाऱ्या गरिबाचाही रोजगार गेला, हेही लिहायला हवे. पंपवाला आणि डुबीवाला एकाच कलमाखाली आले.)

आता कोलशेतचे तिसरे रूप. नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्राने कमाल जमीन धारणा कायदा रद्द केला. ठाण्यातली जमीन तोवर इतकी महाग झाली होती की तिच्यावर रंग किंवा कीटकनाशक बनवणे म्हणजे सोन्याच्या ताटात भाकरी थापण्यासारखे होते. बायरने शंभर एकरांहून मोठी जमीन सुमारे १,२५० कोटी रुपयांना विकली. तिथे कल्पतरू समूहाचा प्रकल्प आला. सँडोझमधून १९९५ मध्ये वेगळ्या झालेल्या क्लॅरियंटनेही कोलशेतची ८७ एकर जमीन लोढा समूहाला अकराशे कोटींच्या पुढे विकली. उत्पादन अन्यत्र गेले. नकाशावरचा जांभळा पिवळा झाला.

हे सगळे कायद्याच्या चौकटीत झाले, हे स्पष्ट सांगतो. माझा आक्षेप चौकटीलाच आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीला निदान एक नियम होता. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे केले होते : एक मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये तो नियम पोकळ केला गेला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलाला मान्यता दिली. गिरणगाव हरले. पण हरण्याआधी तिथे भांडण तरी झाले, तीन वाट्यांची भाषा तरी लोकांना मिळाली. कोलशेतच्या कारखान्यांसाठी असा वाटा कुणी आखलाच नव्हता. जमीन उद्योगाच्या नावावर सवलतीत राखली गेली होती, तर उद्योग गेल्यावर त्या सवलतीची किंमत कुणाकडे परत जायला हवी होती? विधानसभेत, महापालिकेत, युनियनमध्ये हा प्रश्न निर्णायकपणे लढवला गेला नाही.

याला एक चोख उत्तर आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. रासायनिक कारखाने गेले हे पर्यावरणाच्या दृष्टीने चांगलेच नाही का? डोंबिवलीकडे पाहा. तिथल्या एमआयडीसीत कारखाने राहिले आणि घरे त्यांना येऊन चिकटली. मे २०१६ मध्ये प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, १२ माणसे मेली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मे २०२४ मध्ये अमुदान कंपनीत पुन्हा तेच. प्रत्येक स्फोटानंतर धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा होते. इस्लामी फिकहमध्ये 'हरीम' नावाची कल्पना आहे. विहीर खणली की तिच्याभोवती चाळीस हातांचा घेर राखीव, तिथे दुसऱ्याने खणायचे नाही. झाडाला हरीम, पाटाला हरीम. म्हणजे प्रत्येक उपयोगाला श्वास घ्यायला जागा. डोंबिवलीत कारखान्याचा हरीम बिल्डरांनी खाल्ला आणि नियोजनाने तो खाऊ दिला. तेव्हा कोलशेतचे कारखाने गेले याचे मला दुःख नाही. पण ते धूर होतो म्हणून गेले नाहीत. जमिनीचा भाव त्यांच्या नफ्यापेक्षा मोठा झाला म्हणून गेले. हवा स्वच्छ झाली ती ओघात.

आणि जे आले त्याचेही ओझे आहेच. ठाणे शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये ८ लाख होती, २०११ मध्ये १८.४ लाख झाली. पाणी मात्र स्टेम, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि भातसेवरची स्वतःची योजना अशा चार वाटांनी गोळा करावे लागते. २०१७ मध्ये घोडबंदर रस्त्यावरची नवी बांधकामे पाण्याच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने काही काळ रोखली होती. भातसेच्या आसपासच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, हे शहापूरच्या कुणालाही विचारावे.

आता माझ्या गावाकडे वळतो. ऑक्टोबर १९८२ मध्ये ठाणे महापालिका झाली तेव्हा मुंब्रा आणि कोलशेत एकाच दिवशी शहरात आले. दहा वर्षांनी मुंबईत दंगली झाल्या आणि होरपळलेली हजारो कुटुंबे मुंब्र्यात आली. त्यांच्यासाठी आराखड्यात घरे नव्हती. म्हणून ती आराखड्याबाहेर राहिली. डोंगराच्या उतारावर, खाडीच्या भरावावर, परवानगीशिवाय. त्यात तिवरे गेली, हे मान्य करायलाच हवे. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळली. ७४ माणसे मेली, त्यांत कित्येक लहान मुले. आमच्याकडे त्या आठवड्यात जनाजे मोजायचे लोकांनी सोडून दिले होते.

एका महापालिकेत, एका खाडीवर, दोन प्रकारे चिखल बुजला. एका ठिकाणी नकाशाचा रंग आधी बदलला आणि मग इमारत झाली, तिला विकास म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी इमारत आधी झाली, तिला अतिक्रमण म्हणतात. खाडीच्या दृष्टीने दोन्ही भरावच. मी मुंब्र्याच्या बेकायदा बांधकामाची बाजू घेत नाही. ७४ मयतांनंतर कुणी घेऊही नये. पण रंग बदलण्याची सोय कुणाला होती आणि कुणाला नव्हती, हे नियोजनाच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

इथे मला हजरत उमरांच्या राखणदाराची गोष्ट सांगायची आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीप्रमुख चांगले कुरण दिसले की आपला कुत्रा भुंकायला लावत. त्याचे भुंकणे जिथवर ऐकू जाई तिथवरची जमीन प्रमुखाची, इतरांच्या जनावरांना बंदी. याला 'हिमा' म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही खासगी हिमा मोडली. राखीव कुरण असेल तर ते सार्वजनिक कामासाठीच, असा नियम केला आणि मदिनेजवळ नकीचे कुरण लष्कराच्या घोड्यांसाठी राखले. पुढे खिलाफतीत उमर (र.) यांनी रब्जा वगैरे ठिकाणी कुरणे राखली आणि हुनय्य नावाच्या आपल्या मुक्त गुलामाला राखणदार नेमले. सहीह बुखारीत त्याला दिलेल्या सूचना आहेत. ज्याच्याकडे थोडेच उंट, थोड्याच शेळ्या असतील त्याला आत येऊ दे, असे उमर त्याला सांगतात. पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना येऊ देऊ नकोस. त्यांची जनावरे मेली तर त्यांना खजुराच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दारात उभा राहील.

हे दोघे साधे सावकार नव्हते. मोठे सहाबी होते, आणि उस्मान (र.) तर पुढचे खलीफा. तरी नाव घेऊन मनाई. राखीव जमीन म्हणजे सगळ्यांना बंदी नव्हे आणि सगळ्यांना मोकळीकही नव्हे. आधी कुणाला, हे उमर स्पष्ट बोलून दाखवतात. मावर्दी यांनी अकराव्या शतकात राज्यकारभाराच्या नियमांवर ग्रंथ लिहिला, त्यात हिमेवर स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्याकडे मशिदीत यावर कधी तकरीर होत नाही, हा भाग वेगळा. खुद्द सौदी अरबस्तानात १९५० च्या दशकात जुन्या हिमा मोडल्या गेल्या आणि कुरणे चरून उजाड झाली. वारसा सांगण्यात आपण सगळेच पटाईत.

कोलशेतला हुनय्यच्या जागी कोण आहे? एका अर्थाने हवाई दल. त्यांच्या तळाच्या कुंपणाआड जी झाडी टिकली आहे ती कुठल्या आराखड्याने टिकवलेली नाही. दुसऱ्या अर्थाने बिल्डर. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोलशेतला २०.५ एकरांचे ग्रँड सेंट्रल पार्क सुरू झाले. महापालिकेच्या सुविधा भूखंडावर बिल्डरकडून ते विकसित करून घेतलेले आहे. उद्यान खरोखर छान आहे. मी मुलांना घेऊन गेलो होतो. तळे आहे, हजारो झाडे आहेत, चिनी आणि जपानी बाग आहे, मोरोक्कन बाग आहे आणि चक्क मुघल बागही आहे. पाठ्यपुस्तकांतून मुघल आक्रसत चाललेल्या राज्यात त्यांना कोलशेतमध्ये एवढी जागा मिळाली याचे मला हसू आले. आत जायला तिकीट आहे. मुंब्र्याहून रिक्षा, बस आणि चौघांचे तिकीट असा हिशेब केला तर ती सहल दर रविवारी परवडणारी नाही. आसपासच्या टॉवरवाल्यांना ती रोज सकाळी चालत परवडते.

आता खाडीच्या काठाने बाळकुम ते गायमुख असा सुमारे १३ किलोमीटरचा रस्ता एमएमआरडीए आखत आहे. तो कोलशेतवरून, तिवरांच्या पट्ट्यातून जातो. घोडबंदर रस्त्यावरची कोंडी फुटेल, असे कारण दिले आहे, आणि ती कोंडी रोज सोसणाऱ्याला ते पटतेही. जिथे तिवरे तुटतील त्याच्या बदल्यात दुसरीकडे लावली जातील. केंद्राच्या राष्ट्रीय जलमार्ग ५३ मध्ये कोलशेतला जेट्टीही आहे. वसईपासून कल्याणपर्यंत प्रवासी बोटी नेण्याचा तो बेत. म्हणजे एकाच गावात खाडीवरून वाहतूक नेण्याची एक योजना आणि खाडीकाठावरून नेण्याची दुसरी.

गेल्या महिन्यात बंदरावर एक म्हातारे कोळी जाळे सुकवत बसले होते. मी रस्त्याचा विषय काढला. ते म्हणाले, 'रस्ता होऊ दे भाऊ. होडी रस्त्याखालनं काढायला जागा ठेवलीय का, तेवढं कागदात बघून सांगा.' मी आराखड्याचे उपलब्ध कागद घरी येऊन चाळले. मार्गाची रुंदी होती, खांब होते, भूसंपादनाचे क्षेत्र होते. भरतीच्या वेळी होडी निघेल एवढी उंची कोलशेतला कुठे आहे, ते मी अजून शोधतो आहे.